झेपेल असा एट्यूड कसा निवडायचा? नाशिकच्या पियानो विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला पियानो शिकवते. विद्यार्थ्यांमध्ये शाळकरी मुलं आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून सुटून थेट क्लासला येणारे इंजिनिअर आहेत आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच स्टाफ नोटेशन वाचू लागलेले आजी-आजोबाही आहेत. "ताई, आता कोणता एट्यूड घेऊ?" हे सगळेच विचारतात. एट्यूड म्हणजे वाजवण्याचं एखादं तंत्र पक्कं व्हावं म्हणून लिहिलेली रचना. चुकीचा एट्यूड घेतला तर रियाजाचे महिने वाया जातात आणि वर मन खट्टू होतं. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

मी रोज हॅनन वाजवतो. मग एट्यूड वेगळा कशाला?

हॅननचं १८७३ सालचं पुस्तक म्हणजे ६० व्यायाम. आपल्याकडच्या पलट्यांसारखे. एक आकृती घ्यायची आणि ती एकेक पट्टी वर सरकवत न्यायची. बोटं मोकळी होतात, पण त्यात गाणं नसतं. एट्यूड ही पूर्ण रचना असते. तिला सुरुवात, चढ, उतार आणि शेवट असतो. फक्त ती बहुतेक वेळा एकाच अडचणीभोवती बांधलेली असते. कुठे सलग धावणारे सूर, कुठे एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा पडणारी बोटं, कुठे दोन हातांनी एकमेकांकडे सुरावट सोपवणं. म्हणूनच निवडताना "हा एट्यूड छान आहे का" याआधी "हा एट्यूड कशाचा आहे" हे विचारायचं.

"झेपणारा" म्हणजे नक्की किती अवघड?

आज जे येतं त्याहून फक्त एका बाबतीत अवघड. हे एवढं पाळलं तरी निवड सहसा चुकत नाही.

पान समोर ठेवा आणि त्यात तुमच्यासाठी नवीन काय काय आहे ते पेन्सिलीने लिहून काढा. चार-पाच शार्प किंवा फ्लॅट (सूर चढवण्या-उतरवण्याच्या खुणा) असलेलं स्केल, डाव्या हाताच्या लांब उड्या, दोन हातांत वेगवेगळी लय, ट्रिल (शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून), एकाच हातात दोन सुरावटी. यादीत एकच गोष्ट असेल तर एट्यूड तुमच्यासाठी आहे. दोन असतील आणि त्यातली एक नुसती स्केलची असेल, तरी चालेल. तीन झाल्या की तो वर्षभराने काढायचा.

मग हात वेगवेगळे वाजवून बघा, अगदी संथ. उजवा एकटा, डावा एकटा. सूर चुकले तरी हरकत नाही, पण दर बारला, म्हणजे पानावर उभ्या रेघांनी पाडलेल्या प्रत्येक खान्याला, थांबून पट्टी शोधावी लागत असेल, तर तुमचा सगळा वेळ वाचनातच जाईल आणि एट्यूड ज्यासाठी लिहिला ते काम राहूनच जाईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या ओळीवरून निर्णय घेऊ नका. एट्यूडची पहिली ओळ फसवी असते. संगीतकार तिथे कल्पना सोप्या रूपात मांडतो, आणि मग तीच डाव्या हातात देतो, काळ्या पट्ट्यांवर नेतो, उलट दिशेने फिरवतो. पान चाळून सर्वांत भयंकर दिसणारे चार बार शोधा आणि पहिला आठवडा फक्त तेच वाजवा. आठवड्याअखेर ते दोन्ही हातांनी, ठरवलेल्या लयीच्या निम्म्या लयीत आणि खांदे न आवळता वाजत असतील, तर खुशाल घ्या. नसतील तर दुसरा शोधा. यात फार तर एक आठवडा जातो. पहिल्या ओळीपासून सुरू करणाऱ्यांना तीच गोष्ट दोन महिन्यांनी कळते, आणि तोवर तो एट्यूड सोडवतही नाही.

किती दिवसांत बसायला हवा?

रोज अर्धा-पाऊण तास देणाऱ्याला सहा ते आठ आठवडे. शाळेच्या परीक्षा किंवा कंपनीतलं ऑडिट मध्ये आलं तर थोडं जास्त. सहा महिने लागतील असं वाटत असेल, तर तो एट्यूड आत्ताचा नाही. एक मोठा अर्धवट सोडण्यापेक्षा तीन छोटे पूर्ण करा, असंच मी प्रत्येकाला सांगते. पूर्ण झालेल्या एट्यूडमधली करामत पुढे दुसऱ्या रचनेत आपोआप हाताशी येते. अर्धवट राहिलेल्यातली येत नाही.

दीड-दोन वर्षं झाली शिकून. बुर्गम्युलर घेऊ की चेर्नी?

बहुतेकांना मी बुर्गम्युलर सांगते. फ्रीडरिश बुर्गम्युलर (१८०६–१८७४) जर्मनीचा, पण पॅरिसमध्ये स्थायिक झाला आणि तिथे त्याने शिकवलं. त्याच्या ओपस १०० मध्ये (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा किंवा संचाचा क्रमांक) २५ एट्यूड आहेत. प्रत्येकाला नाव आहे आणि जवळपास प्रत्येक दीड-दोन पानांत आटोपतो. पहिल्यात सूर सलग जोडून, गुळगुळीत वाजवायचे असतात. दुसरा 'अरबेस्क', सोळाव्या हिस्स्याच्या, म्हणजे एका ठोक्यात चार सुरांच्या, छोट्या धावांचा. चौथ्यात एकाच हाताने दोन-दोन सूर एकत्र वाजवावे लागतात. सतराव्यात एकाच सुरावर भराभर आघात आहेत. एकविसाव्यात आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकत्र न वाजवता एकामागून एक) एका हातातून दुसऱ्या हातात जातात. चोविसाव्यात हात एकमेकांवरून ओलांडायचे, आणि शेवटच्या पंचविसाव्यात स्केलच्या लांब दौडी. पुस्तक क्रमाने वाजवायची सक्ती नाही. आपली अडचण कोणती ते बघून क्रमांक निवडावा.

कार्ल चेर्नी (१७९१–१८५७) बेथोव्हनचा विद्यार्थी आणि पियानोवादक फ्रान्झ लिस्टचा गुरू. त्याने ढीगभर एट्यूड लिहिले आणि नुसतं "चेर्नी वाजवतो" म्हटल्याने काहीच कळत नाही. ओपस ५९९ अगदी नवशिक्यांसाठी, १०० छोटे तुकडे. मग ओपस ८४९ चे ३०, त्यानंतर वेगासाठी ओपस २९९ चे ४०, आणि त्याही पुढे ओपस ७४० चे ५०. पुष्कळ जण ५९९ अर्धं करून थेट २९९ वर उडी मारतात, कारण ते पुस्तक घरात आधीपासून पडलेलं असतं. मधलं ८४९ गाळू नका.

कोणता कुणाला? ज्याची बोटं विस्कळीत पडतात, सूर एकसारखे येत नाहीत, त्याला चेर्नी. ज्याचं वाजवणं बरोबर आहे पण कोरडं आहे, त्याला बुर्गम्युलर. बुर्गम्युलर झाल्यावर स्टीफन हेलरकडे वळावं. त्याच्या ओपस ४५, ४६ आणि ४७ पैकी ४७ सर्वांत सोपा, त्यामुळे आकड्यांच्या उलट क्रमाने जायचं. हेलर आपल्याकडे फार कमी वाजवला जातो याचं मला वाईट वाटतं. बोटांच्या अभ्यासात इतका भाव भरणारे संगीतकार थोडे आहेत.

मी कित्येक वर्षं हार्मोनियमवर भजनाला आणि गाण्याला साथ करते. मला कोणता एट्यूड सोपा जाईल?

हा प्रश्न नाशिकमध्ये मला सतत येतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला त्या गावात घरोघरी पेटी असणारच. तुमच्याकडे कान आहे, लय आहे, आणि काळी दोन, काळी चार अशा पट्ट्यांतून साथ केलेली असल्यामुळे काळ्या पट्ट्यांची धास्ती नाही. इतर नवशिक्यांपेक्षा हे फार मोठं भांडवल आहे.

अडचणी मात्र ठरलेल्या आहेत. एक म्हणजे डावा हात. तो आजवर भात्यावर होता, त्याची बोटं शिकलेलीच नाहीत. दुसरी, आवाजाचा लहान-मोठेपणा. पेटीत तो भाता ठरवतो. बोट हळू पडलं काय, जोरात पडलं काय, सूर तेवढाच येतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर हातोडी तारेवर किती वेगाने आदळते ते ठरतं, म्हणजे सगळी जबाबदारी बोटावर. तिसरी, करंगळी. पेटीवर ती पुष्कळदा बाजूलाच राहते, इथे वरची सुरावट बऱ्याचदा तिच्याकडेच असते.

म्हणून उजव्या हाताने धावणारे एट्यूड तुम्हाला सोपे वाटतील, पण त्यांचा उपयोग कमी. मी तुम्हाला आधी बुर्गम्युलरचा पहिला देईन, फक्त आवाज चढवणं-उतरवणं बोटांनी जमावं म्हणून. नंतर 'अरबेस्क', आणि तोही मधल्या भागापासून, कारण तिथे उजव्या हाताची धाव डाव्याकडे जाते. त्यानंतर पंधरावा, 'बॅलड'. त्यात उजवा हात तुटक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) देतो आणि खाली डावा हात सुरावट फिरवतो. चेर्नीचे ओपस ७१८ म्हणून खास डाव्या हाताचे २४ एट्यूड आहेत. नाव वाचून मोह होईल, पण ते 'बॅलड'नंतरच.

घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. चालेल?

सुरुवातीला चालेल, दोन अटींवर. कीबोर्डला टच रिस्पॉन्स हवा, म्हणजे हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात वाजायला हवं. तो नसेल तर एट्यूडचा अर्धा अभ्यास होतच नाही. आणि निवडलेल्या पानावरचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा सूर तुमच्या पाच सप्तकांत बसतो का, ते आधी बघा. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात. ओपस ५९९ चा पुष्कळसा भाग ६१ पट्ट्यांत मावतो. एकसारख्या आघातांचे एट्यूड आणि पेडलवर अवलंबून असलेले एट्यूड हलक्या पट्ट्यांवर शिकू नका. खऱ्या पियानोवर बसल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात.

काही झालं तरी शोपॅनचा एक एट्यूड वाजवायचाच आहे. सर्वांत सोपा कोणता?

इच्छा अगदी रास्त आहे. ती मनात असलेला विद्यार्थी जास्त रियाज करतो हे मी पाहिलंय. फक्त निवड नीट करा.

शोपॅनचे एकूण २७ एट्यूड आहेत. ओपस १० चे १२ (१८३३), ओपस २५ चे १२ (१८३७), आणि १८३९ मध्ये एका शिकवणीच्या पुस्तकासाठी लिहिलेले तीन. बहुतेक जण पहिल्या दोन संचांतच शोधतात आणि हे तीन विसरतात. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. यातल्या एफ मायनरमधल्यात चार सुरांविरुद्ध तीन सूर बसवायचे असतात, आणि ए फ्लॅट मेजरमधल्यात दोनाविरुद्ध तीन. तबल्याची संगत असलेल्यांना हे परकं नाही. दोनात तीन ही आपली आडच, आणि चारात तीन म्हणजे पाऊणपट. हाताने टाळी देऊन तोंडाने मोजता येत असेल तर निम्मा एट्यूड झाला. वेगाची परीक्षा या दोन्हींत फारशी नाही.

मोठ्या दोन संचांतून घ्यायचा असेल तर ओपस २५ चा दुसरा. लय प्रेस्टो, म्हणजे खूप जलद, लिहिलेली आहे हे खरं, पण उजव्या हातात एका वेळी एकच सूर आहे, बोटं पट्ट्यांच्या जवळच राहतात आणि आवाज हलका ठेवायचा असतो. संथही तो सुंदर लागतो. ओपस १० चा नववा डाव्या हाताला ताण देतो, त्याची बोटं सतत फाकलेली असतात. हात मोठा असेल तरच तो घ्या. सहावा संथ आहे, पण सहा फ्लॅटचं स्केल आणि वर जागोजागी ॲक्सिडेंटल (स्केलबाहेरच्या सुरांच्या खुणा). वाचन पक्कं असणाऱ्यांनीच त्याच्या वाटेला जावं.

ओपस १० च्या तिसऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. सुरुवातीची सुरावट इतकी संथ आणि गोड आहे की हा येईलच असं वाटतं. मधल्या भागात दोन्ही हातांत दोन-दोन सुरांच्या सरी कोसळतात, त्याही जोरात आणि वेगात. शिवाय त्या संथ भागातही उजव्या हाताची वरची बोटं गातात आणि खालची बोटं साथ करतात, दोन्ही एकाच हातात. वर सांगितलेली चार बारांची परीक्षा इथे नक्की करा.

आणि ओपस १० चे पहिला व दुसरा, ओपस २५ चा सहावा आणि अकरावा हे भल्याभल्यांना घाम फोडणारे आहेत. ते ऐकायचे.

माझे हात लहान आहेत.

पियानोवर एका 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत सुमारे १६.५ सेंटीमीटर अंतर असतं. अंगठा आणि करंगळी तेवढी ताणून हाताला लगेच कळ लागत असेल, तर सलग सप्तकांचे आणि भरगच्च कॉर्डचे एट्यूड बाजूला ठेवा. रशियन संगीतकार स्क्रियाबिनचा ओपस २ मधला पहिला, सी शार्प मायनरमधला, त्याने वयाच्या पंधराव्या वर्षी लिहिला. लय संथ आहे, म्हणून तो अनेकांना सुचवला जातो, पण त्यातले कॉर्ड रुंद आहेत. बुर्गम्युलरचं ओपस १०० मुळातच लहान हातांसाठी लिहिलेलं आहे, तसं मुखपृष्ठावर छापलेलंही होतं. मोठ्या माणसांनी त्यात कमीपणा मानू नये.

पानावर मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) जो आकडा छापलाय तो गाठायलाच हवा का?

नाही. 'अरबेस्क'वर बऱ्याच आवृत्त्यांत १५२, म्हणजे मिनिटाला १५२ ठोके, छापलेलं असतं. एका ठोक्यात चार सूर धरले तर सेकंदाला दहा सूर झाले. चेर्नीचे आकडे तर याहून निष्ठुर. मी ६० ला सुरू करायला सांगते आणि १०० ते ११० ला स्वच्छ आला की एट्यूड झाला असं मानते. निवडताना प्रश्न असा विचारा, "हा संथ वाजवला तरी ऐकावासा वाटतो का?" कारण पुढचा महिनाभर तो तुम्हाला आणि घरच्यांना संथच ऐकायचा आहे. फक्त वेगातच अर्थ असलेले एट्यूड या टप्प्यावर टाळावेत.

यूट्यूबवर एक लहान मुलगी सहज वाजवते, मग मला का नाही?

तिने त्याआधी काय काय वाजवलंय ते व्हिडिओत दिसत नाही. व्हिडिओ आवड ठरवायला बघा, आवाका ठरवायला पान वाचा.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षेच्या यादीतून निवडलं तर?

अंदाज घ्यायला उत्तम. दोन्ही परीक्षांमध्ये आठव्या ग्रेडपर्यंत पायऱ्या आहेत, आणि यादीत एखादा एट्यूड कोणत्या ग्रेडला लावलाय त्यावरून तो साधारण कुठे बसतो ते कळतं. तुम्ही पास झालेल्या ग्रेडचाच किंवा फार तर पुढच्या ग्रेडचा घ्या. मात्र परीक्षेसाठी महिनोन्‌महिने तीन-चारच रचना घासणाऱ्या मुलांना मी मुद्दाम यादीबाहेरचा एक छोटा एट्यूड देते, नाहीतर वाचन खुंटतं.

नोटेशन कुठे मिळेल?

भारतात कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे चेर्नी, बुर्गम्युलर, हेलर, शोपॅन यांचं मूळ संगीत मोकळं आहे आणि जुन्या आवृत्त्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रशियन संगीतकार काबालेव्हस्की १९८७ मध्ये वारला, म्हणून त्याच्या ओपस २७ चं पुस्तक विकतच घ्यावं. छापील प्रत हातात घेऊन बघायची असेल तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरून धोबी तलाव गाठावा. तिथे फुर्टाडोस या संगीताच्या दुकानात पुस्तकं उघडून चाळता येतात. बोटांचे आकडे छापलेली आवृत्तीच घ्या. घरी प्रिंट काढणार असाल तर ए४ वर पूर्ण आकारात काढा. बारीक झेरॉक्सवरून वाचताना मान पुढे येते आणि मग खांदे आखडतात.

थंडीत सकाळी बोटं चालतच नाहीत. एट्यूड अवघड निवडला गेलाय का?

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या पहाटे कुणाचीच बोटं चालत नाहीत. कोमट पाण्यात हात धरा, पाच मिनिटं संथ स्केल वाजवा, मगच एट्यूड उघडा. थंड हातांनी वेगाचा एट्यूड सुरू करून मनगट दुखवून घेऊ नका.

पावसाळ्यात वेगळी गंमत होते. खरा पियानो असेल तर लाकूड आणि नमदा दमट हवा शोषून घेतात, पट्ट्या जड होतात, काही तर वर यायला वेळ लावतात. अशा वाद्यावर एकाच सुरावरच्या आघातांचा एट्यूड जमला नाही तर आधी पट्टी तपासा, मग स्वतःला बोल लावा. मी जुलै-ऑगस्टमध्ये तसे एट्यूड देतच नाही, गाणारे देते. ट्यूनिंगही पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर करून घ्यावं.

मध्येच सोडला तर चालतं का?

मनगटापासून कोपरापर्यंत कुठेही दुखत असेल तर त्याच दिवशी थांबा. दुखणं अंगावर काढून वाजवणं हे शौर्य नाही, त्यातून वर्षभराची सुट्टी घ्यावी लागू शकते. दुखत नसेल, पण तीन आठवडे तेच बार तिथेच अडत असतील, तर शिक्षकांना बोटांचे आकडे बदलून मागा. अनेकदा एका बोटाच्या बदलाने कोंडी फुटते. तरीही अडत असेल तर सोडा आणि पानावर तारीख लिहून ठेवा. वर्षाने तो परत उघडायचा आहे.

मुलगी अकरा वर्षांची आहे, एट्यूड म्हटलं की पियानोवर बसत नाही.

तिला तीन एट्यूड वाजवून दाखवा आणि निवड तिच्यावर सोपवा. तिन्ही झेपणारे असतील एवढं तुम्ही आणि शिक्षकांनी बघायचं. माझ्याकडच्या मुलांना बुर्गम्युलरचं 'बॅलड' हमखास आवडतं, त्यातल्या गूढ सुरुवातीमुळे. विसावा 'तारांतेल' नाचऱ्या लयीमुळे आवडतो. काबालेव्हस्कीच्या ओपस २७ मधला तिसरा, ए मायनरचा एट्यूड, हाही चांगला पर्याय. रोज वीस मिनिटं पुरेत, आणि त्यातली पहिली पाच त्या अवघड चार बारांना. एट्यूड बसला की आजी-आजोबांसमोर वाजवायला लावा, घरातल्या घरात.

शिक्षक नाहीत, मी एकटाच शिकतोय. काय वेगळं करू?

वर सांगितलं त्याहून एक पायरी खालचा घ्या. दर रविवारी मोबाइलवर रेकॉर्ड करा, कॅमेरा हातांच्या बाजूला मनगटाच्या उंचीवर ठेवून, म्हणजे मनगट खाली पडतंय का आणि अंगठा पट्टीबाहेर लोंबतोय का ते दिसेल. महिन्यातून एकदा तरी कुणा जाणकाराला हात दाखवून या. ऑनलाइन नको, समोर बसून. सुरुवात ओपस ५९९ च्या मधल्या पानांपासून करा. ती सहज गेली तर बुर्गम्युलरचा पहिला, मग तिसरा, आणि त्यानंतर 'अरबेस्क'.